धुराचा ताप कोण मोजणार?

‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण आपण सर्वांनीच शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी घोकली आहे. मला तिचा खरा अर्थ कळला तो २०२२ च्या मे महिन्यात, गोव्यातून वर येणाऱ्या घाटाच्या एका वळणावर, बंद पडलेल्या ट्रेलरशेजारी उभा असताना. त्या दिवशी आमच्या ड्रायव्हरला सुळी दिली गेली आणि ती देणाऱ्यांत मीही होतो. हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे. विषय वरवर पाहता रुक्ष वाटेल. जड ओझे ओढताना डिझेल ट्रकच्या धुराला चढणारा ताप आणि तो आवरण्यासाठी ट्रकमध्ये कराव्या लागणाऱ्या सुधारणा, एवढाच तो आहे. परंतु कला आणि वाणिज्य शाखेच्या वाचकांनी पान उलटू नये अशी विनंती आहे. यात गणित थोडे आहे आणि माणसे जास्त आहेत.

आमच्या घरी एक जुना ट्रेलर आहे. त्याचे इंजिन संगणकाच्या पूर्वीच्या पिढीचे. डिझेल मोजून देणारा पंप पूर्णपणे यांत्रिक. गोव्याच्या बंदरातून खताची पोती आणायची आणि बेळगावच्या आसपासच्या गोदामांत उतरवायची, हा त्याचा नेहमीचा फेरा. त्यावर अकरा वर्षे जे ड्रायव्हर होते ते बैलहोंगलकडचे. मातृभाषा कन्नड, आमच्याशी बोलत ते बेळगावी मराठी. आम्ही भावंडे त्यांना ‘अण्णा’ म्हणत असू. सुट्टीत मी कधी त्यांच्या शेजारी बसून घाट चढलो, तर चढाच्या पायथ्याशीच ते गिअर उतरवत आणि स्वतःशीच पुटपुटत, “निधान, निधान.” कन्नड न येणाऱ्यांसाठी सांगतो, निधान म्हणजे सावकाश. मागून हॉर्न वाजत, बाकीच्या गाड्या पुढे निघून जात. अण्णांचा वेग काही बदलत नसे.

पुढे भाडे पडले. डिझेल महाग झाले. आठवड्यात एक फेरा जास्त झाला तरच हप्ता सुटेल, अशी वेळ आली. तेव्हा वडिलांनी चार जणांनी सांगितलेला उपाय केला. ट्रेलर एका मिस्त्रीकडे नेऊन ‘पंप वाढवून’ घेतला. आपल्या भागातील ट्रकवाल्यांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी एवढेच सांगतो की, पंपावरचा कंपनीने लावलेला स्क्रू फिरवून इंजिनाला दर स्ट्रोकमागे जास्त डिझेल पाजायचे. खर्च थोडा आणि गुण लगेच. ट्रेलर खरोखरच नव्या बैलासारखा ओढू लागला. मागून काळाकुट्ट धूर निघे आणि मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असल्याने वडिलांना मोठ्या अभिमानाने सांगितले की, धूर म्हणजे ताकद. एकटे अण्णा कुरकुरत होते. “मालक, धूर काळा येतोय. आत गरम होतंय बघा.” त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही.

तिसऱ्या आठवड्यात ट्रेलर घाटात बसला. इंजिन उघडले तेव्हा चार नंबरच्या पिस्टनच्या डोक्याला भोक पडलेले दिसले. कडा मेणासारख्या ओघळलेल्या होत्या. वडिलांनी विचारले, “पाण्याचा काटा बघत नव्हता काय?” अण्णा म्हणाले, “बघत होतो की हो. काटा मध्येच होता.” वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी तज्ज्ञाच्या थाटात निकाल दिला की, पिस्टन वितळेपर्यंत इंजिन तापले तर पाण्याचा काटा मध्ये राहणे शक्यच नाही. गाडी पाण्याशिवाय पळवली असणार. एवढ्या एका वाक्यावर अकरा वर्षांची नोकरी संपली आणि दोन महिन्यांचा पगार इंजिनच्या खर्चात वळता झाला.

मी चुकलो होतो. अण्णा अक्षरशः खरे बोलत होते. ते कसे, हे मला पुढे पदवीच्या वर्गात कळले. तेच येथे सोप्या शब्दांत मांडतो.

पेट्रोल इंजिनात पाय दाबला की हवा आणि इंधन दोन्ही एकदम वाढतात. डिझेल इंजिनाचे तसे नाही. ते प्रत्येक वेळी छाती भरून हवा घेते. आपल्या पायाखाली असते ते फक्त इंधन. हवा मुबलक आणि डिझेल थोडे असेल तर ज्वलन स्वच्छ होते आणि उरलेली हवा उष्णता वाटून घेते. डिझेल वाढत गेले आणि हवा तेवढीच राहिली की उष्णता वाटून घेणारे कोणी उरत नाही. ज्वलन लांबते, धूर काळा पडतो आणि बाहेर पडणाऱ्या वायूचा ताप चढत जातो. म्हणजे काळा धूर ही ताकदीची खूण नव्हे. हवेअभावी वाया जाणाऱ्या डिझेलची ती पावती आहे. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखवले, ते वाफेच्या इंजिनात वाया जाणारी उष्णता कामी लावण्यासाठी. त्याच्या नावाच्या यंत्रातून आपण काळा धूर ओकवतो आणि त्याला सुधारणा म्हणतो!

आता घाटाचा हिशेब पाहा. समजा, मालासह ३० टन वजनाचा ट्रेलर ५०० मीटर उंची चढतो. केवळ हे वजन वर उचलण्यासाठी सुमारे १४७ दशलक्ष जूल, म्हणजे विजेच्या भाषेत ४१ युनिट काम करावे लागते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ दशलक्ष जूल उष्णता असते आणि इंजिन त्यातली पस्तीसएक टक्केच कामात आणते. म्हणजे या चढाला १२ लिटरच्या आसपास डिझेल जळणार. चाकांचे घर्षण वेगळे. यातला साधारण एक तृतीयांश भाग धुराबरोबर जातो. चार लिटर डिझेल पेटवल्याची उष्णता अर्ध्या-पाऊण तासात एका नळीतून बाहेर पडते. शिवाय आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के विरळ. इंजिनाला हवेची सर्वांत जास्त गरज चढावर लागते आणि जसजसे वर यावे तसतशी ती विरळ होत जाते.

धुराचा हा ताप किती असतो? रिकाम्या फिरणाऱ्या इंजिनात शे-दोनशे अंश सेल्सिअस, भरल्या गाडीला सपाट रस्त्यावर चारशेच्या आसपास, आणि चढावर सहाशे ते सातशे. टर्बोच्या अलीकडे मोजलेला ताप सलग सातशेच्या वर राहू देऊ नये, असा जाणकारांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याहून कमी तापमानाला ढिला पडतो. तरीही पिस्टन एरवी टिकतो, कारण खालून त्याच्यावर तेलाचा फवारा उडत असतो आणि आतली आग क्षणभरच भडकते. पंप वाढवला की हा सगळा समतोल मोडतो. त्यातच एखादे नोझल नीट फवारा न मारता ठिबकत असेल, तर आगीची जीभ एकाच जागी लागते आणि तिथे भोक पडते. आमच्या चार नंबरचे नेमके तेच झाले होते.

आणि पाण्याचा काटा? तो हेडभोवती फिरणाऱ्या पाण्याचा ताप सांगतो. शेकडो लोखंडी किलो आणि कित्येक लिटर पाणी तापायला वेळ लागतो. धुराचा ताप मात्र पाय दाबल्यावर काही सेकंदांत चढतो. रेडिएटर चांगला असेल तर पिस्टन वितळत असतानाही काटा मध्येच राहू शकतो. रोग्याला फणफणून ताप आलेला असताना आपण खोलीतील भिंतीवरचा तापमापक पाहावा आणि ‘सगळे ठीक आहे’ म्हणावे, असला हा प्रकार. अण्णांच्या समोर दुसरा काटाच नव्हता. जे मोजायचे साधन आपण माणसाच्या हाती दिले नाही, ते न मोजल्याचा ठपका आपण त्याच्यावर ठेवला.

तेव्हा माझे मत असे आहे की, ओझे ओढणाऱ्या कोणत्याही डिझेल ट्रकमध्ये पहिली सुधारणा ताकदीची नको, मोजमापाची हवी. धुराचा ताप दाखवणारा काटा, ज्याला पायरोमीटर म्हणतात, त्याच्याआधी इंजिनाच्या एकाही स्क्रूला हात लावू नये. त्यात थर्मोकपल नावाची दोन धातूंची जोडतार असते. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की सूक्ष्म विद्युत्‌दाब निर्माण होतो, हे झेबेकने १८२१ साली दाखवले आणि आपण पदार्थविज्ञानाच्या पेपरात त्यावर गुण मिळवतो. ही सळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या अलीकडे बसवायची. टर्बोच्या पलीकडे बसवली तर चढावर ताप शे-दीडशे अंशांनी कमी दिसतो आणि खोटा दिलासा मिळतो. भोक पाडताना ड्रिलला आणि टॅपला भरपूर ग्रीस लावावे, म्हणजे बिडाचा चुरा त्याला चिकटून राहतो. उरलेला चुंबकाने काढावा. एक कण जरी टर्बोच्या पात्यात गेला तरी औषधापेक्षा उपचार महाग पडेल. बिडाच्या ओतकामासाठी आणि यंत्रकामासाठी नाव असलेल्या बेळगावात, उद्यमबागेच्या गावात, हे काम करणारा हात शोधावा लागणार नाही.

काटा बसला की पुढच्या सुधारणा क्रमाने येतात आणि बहुतेक स्वस्त असतात. एअर फिल्टर चोंदला आहे का? टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांचे क्लॅम्प ढिले पडून दाबाची हवा वाटेतच गळते का? नोझल तपासली आहेत का? डिझेल उडण्याची वेळ मागे पडली आहे का? ही वेळ मागे पडली तर ज्वलन उशिरा होते आणि उष्णता काम करण्याऐवजी धुरात जाते. एवढे पाहून पंप कंपनीच्या मापावर आणला तरी बराचसा ताप उतरतो.

यानंतरही जास्त ओढायचेच असेल तर हवा वाढवावी, डिझेल नव्हे. टर्बोची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली पेटंट घेऊन मांडली. वाया जाणाऱ्या धुरानेच पंखा फिरवायचा आणि त्या पंख्याने इंजिनात जास्त हवा कोंबायची. पण हवा दाबली की ती तापते. ३० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर ती सव्वाशे अंशांच्या घरात जाते. ती इंटरकूलरमधून ५५ अंशांपर्यंत थंड केली तर तेवढ्याच जागेत सुमारे वीस टक्के जास्त हवा मावते. म्हणून आधी मोठा किंवा निदान स्वच्छ इंटरकूलर, मग धुराला मोकळी वाट, आणि सर्वांत शेवटी, गरजच पडली तर, मोठा टर्बो. आपल्याकडे मात्र हा क्रम नेमका उलटा चालतो, कारण स्क्रू फिरवायला पाच मिनिटे पुरतात. नव्या गाड्यांत स्क्रूच्या जागी आता बाजारातली इलेक्ट्रॉनिक डबी आली आहे. साधन बदलले, चूक तीच राहिली.

येथे कोणी म्हणेल की, हे सर्व जुन्या गाड्यांचे रडगाणे आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झाले. नव्या ट्रकमध्ये धुराचा ताप मोजणारी साधने कारखान्यातूनच येतात. खरे आहे. पण ती मोजतात कोणासाठी? काजळीची गाळणी जाळून साफ करण्यासाठी आणि संगणकाच्या हिशेबासाठी. चालकासमोर आकडा क्वचितच दिसतो; दिसतो तो एक लाल दिवा, आणि तोही उशिरा. शिवाय रस्त्यावरच्या जुन्या गाड्या एका रात्रीत नाहीशा झालेल्या नाहीत. गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत काळा धूर सोडणारे ट्रॅक्टर पाहा, म्हणजे हा प्रश्न कालचा की आजचा ते कळेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो माझ्या वडिलांचा आहे. ते म्हणतात, “सावकाश चढायला आम्हाला काय हौस नाही? वेळ म्हणजे भाडे.” या युक्तिवादाला माझ्या मनात आदर आहे, कारण हप्ता भरणाऱ्याचे दुःख हप्ता भरणाऱ्यालाच कळते. पण वेळेचा हिशेबही करून पाहू. दहा किलोमीटरचा चढ ताशी २० किलोमीटरने अर्ध्या तासात होतो. ताशी १५ ने चाळीस मिनिटांत. फरक दहा मिनिटांचा. खालच्या गिअरमध्ये इंजिन जास्त फेरे घेते, त्यामुळे दर स्ट्रोकला डिझेल कमी लागते. हवा, पाणी आणि तेल मात्र जास्त वेगाने फिरतात, आणि ताप उतरतो. माथ्यावर पोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे रिकामे फिरू दिले, तर तापलेल्या टर्बोतले तेल जळून त्याचा कोळसा होत नाही. म्हणजे एकूण तेरा मिनिटे झाली. या तेरा मिनिटांसाठी आम्ही एक इंजिन, वीस दिवसांचे भाडे आणि एक माणूस गमावला. अण्णांचे ‘निधान’ हे आळसाचे लक्षण नव्हते. काटा नसलेल्या माणसाने अनुभवाने शोधलेले ते शास्त्र होते.

आणखी एक गोष्ट कटू असली तरी बोलली पाहिजे. सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे ओझे कमी करणे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा मालाला २०,००० रुपये आणि वर दर टनामागे २,००० रुपये दंड आहे. पंप वाढवला जातो तो बहुधा हे जादा टन ओढण्यासाठी. त्यात मालकाला दोन पैसे मिळतात, दलालाला मिळतात, मिस्त्रीला मिळतात. घाटात मध्यरात्री वितळलेल्या इंजिनाशेजारी बसतो तो ड्रायव्हर, ज्याला यातले काहीच मिळालेले नसते. आणि एखाद्या उताराला त्याच जादा टनांनी ब्रेक निकामी झाले, तर पोलिसांच्या कागदावर नाव त्याचेच लागते.

आता आपल्या महाविद्यालयाविषयी. आमच्या प्रयोगशाळेत थर्मोकपल आहे. दरवर्षी आम्ही ते गरम पाण्यात बुडवतो, आलेख काढतो, वहीवर सही घेतो आणि कपाटात ठेवतो. बाहेर रस्त्यावरून दिवसभर तापलेले ट्रक जात असतात. या दोहोंमध्ये केवळ एक कुंपणाची भिंत आहे, पण ती ओलांडावी असे आम्हाला वाटत नाही. प्राध्यापक मंडळींना माझी नम्र सूचना आहे की, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी परराज्यातून तयार मॉडेल विकत आणण्याऐवजी चार विद्यार्थ्यांनी मिळून एका स्थानिक ट्रकला असा काटा बसवावा, चढावरच्या नोंदी घ्याव्यात, आणि त्या मराठी व कन्नड दोन्ही भाषांत एका कागदावर छापून ट्रक टर्मिनसवर लावाव्यात. मराठी विभाग आणि कन्नड विभाग एकाच अंकात पाठीला पाठ लावून बसतात. या एका कामात त्यांनी समोरासमोर बसायला हरकत नसावी. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये दोन्ही भाषा केव्हाच्याच एकत्र नांदत आहेत.

मी स्वतः हे केले आहे, म्हणून सांगतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ट्रेलरला काटा बसवला आणि पंप मूळ मापावर आणून नव्या ड्रायव्हरबरोबर घाट चढलो. वरच्या गिअरमध्ये जोर लावताच काटा सातशेकडे सरकू लागला. एक गिअर उतरवला, दोन मिनिटे गेली आणि तो सहाशेच्या आसपास येऊन थांबला. पाण्याचा काटा पूर्ण वेळ मध्येच होता. मी त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि घरी येऊन वडिलांना दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटातून पैसे काढले आणि म्हणाले, “चल, बैलहोंगलला जाऊन येऊ.”

अण्णांनी दोन महिन्यांचा पगार मोजून घेतला. चहा दिला. परत या म्हटल्यावर मात्र ते नाही म्हणाले. ते आता दुसऱ्या मालकाच्या गाडीवर आहेत. मी फोटो दाखवून घाटात काय दिसले ते सांगितले आणि माझी चूक कबूल केली. त्यांनी फोटोकडे नीट पाहिले आणि म्हणाले, “काटा लावला ते बरं केलं. आता पुढच्याला कोण खोटं पाडणार नाही.”

ट्रकची ताकद किती वाढवायची याचा वाद मालकांनी आणि मिस्त्रींनी खुशाल घालावा. पण चढावर गाडी हाकणाऱ्याच्या समोर खरे सांगणारा एक काटा असला पाहिजे, हा माझ्या मते त्याचा हक्क आहे. आणि तो त्याला मिळवून देणे हे आपल्यासारख्या, चार बुके शिकलेल्यांचे काम आहे. ते आपण केले नाही, तर निदान निकाल देण्यापूर्वी तरी थोडे ‘निधान’ धरावे.